एकाचं बळ, दहांची झीज

(एका क्रीडाशिक्षकांच्या स्मरणार्थ दरवर्षी होणाऱ्या व्याख्यानमालेतील दुसऱ्या पुष्पाचं हे शब्दांकन.)



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, ते शाळेत खेळ शिकवत. खेळाडू निवडायचं सुख त्यांच्या वाट्याला फारसं आलं नाही. त्या वर्षी शाळेत जी मुलं असतील त्यांतूनच संघ उभा करायचा, हाच त्यांचा जन्मभराचा नेम. म्हणून आज मैदान गाजवणाऱ्या खेळाडूंपेक्षा, हाती आलेल्या माणसांतून रचना उभी करणाऱ्या प्रशिक्षकाबद्दल बोलावं असं मी ठरवलं. त्यासाठी जरा लांब जाऊ या. विषय आहे अमेरिकन फुटबॉलमधला डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे संघाच्या संपूर्ण बचावाची जबाबदारी ज्याच्या शिरावर असते तो प्रशिक्षक.

हा खेळ आपल्याकडे फारसा कोणी पाहत नाही. त्यांची अंतिम लढत, सुपर बोल, आपल्या घड्याळाप्रमाणे सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास सुरू होते. त्या वेळी आपल्याकडे दूधवाले आणि पेपरवालेच जागे असतात. २०१२ साली या खेळाची एक लीग भारतात निघाली होती, तिच्यात ‘पुणे मराठाज’ नावाचा संघही होता. पण ते रोप काही इथल्या मातीत धरलं नाही. तेव्हा खेळाची तोंडओळख करून देणं भाग आहे. त्याआधी माझं म्हणणं मात्र सांगून टाकतो.

खेळाडूची बलस्थानं ओळखून डावपेच आखावेत, हे कोणीही सांगेल. अडचण त्यापुढे सुरू होते. एकाला जे उत्तम जमतं तेवढंच करायला त्याला मोकळं सोडलं, की त्याच्या वाटचं रटाळ, अंगमोडीचं काम दुसऱ्या कोणाला तरी उचलावं लागतं. बळ ओळखणारे प्रशिक्षक पुष्कळ आहेत. त्या बळाची किंमत कोण भरणार हे आधी ठरवणारे, आणि ती भरणाऱ्याला मनापासून राजी करणारे थोडे. या खेळाच्या बचावाचा इतिहास याच थोड्यांनी घडवला.

खेळ आणि हुद्दा

मैदान शंभर यार्डांचं, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. आक्रमण करणाऱ्या संघानं चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न. चेंडू घेऊन पळता येतं, किंवा आक्रमणाचा सूत्रधार, म्हणजे क्वार्टरबॅक, तो पुढच्या साथीदाराकडे, रिसीव्हरकडे, फेकतो. एकेक प्रयत्न काही सेकंदांत संपतो आणि सगळे पुन्हा समोरासमोर उभे राहतात. कबड्डीतल्या चढाया जशा एकामागून एक येतात, तसंच हे. बचावही तसाच सांधलेला: कोपरारक्षक पायाला हात घालणार, मधले अंगावर जाऊन अडवणार, आणि एकानं घाई केली की सगळी साखळी तुटणार.

बचावाच्या तीन फळ्या असतात. पुढे लाइनमन, बहुतेक तीनशे पौंडांच्या आसपासचे, समोरच्या तितक्याच अवजड माणसांशी झुंजणारे. त्यांच्यामागे लाइनबॅकर, पळणाऱ्याला आडवं पाडणारे. सर्वांत मागे कॉर्नरबॅक आणि सेफ्टी, लांबच्या फेकींवर नजर ठेवणारे. कधी कधी मागच्या दोन फळ्यांतले एक-दोघं आपली जागा सोडून थेट क्वार्टरबॅकवर धावून जातात. त्याला ब्लिट्झ म्हणतात. जुगार तो. लागला तर क्वार्टरबॅक जमिनीवर, हुकला तर मागे मैदान मोकळं.

आता हुद्द्याकडे वळू. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये खेळाडू कोण असावेत हे प्रामुख्यानं जनरल मॅनेजर ठरवतो. महाविद्यालयातून येणाऱ्या खेळाडूंची वाटणी ड्राफ्टमधून होते आणि त्यात दुबळ्या संघाला आधी निवडता येतं. १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा आहे, त्यामुळे हवे तेवढे तारे विकत घेणंही शक्य नाही. कोऑर्डिनेटरच्या हाती येतात ती अशी चाळून, तोलून, परवडतील तेवढी आलेली माणसं. एक प्रयत्न संपल्यापासून पुढचा सुरू होईपर्यंत साधारण चाळीस सेकंद मिळतात. तेवढ्यात समोरची परिस्थिती पाहून डाव निवडायचा आणि मैदानावर कळवायचा. २००८ पासून बचावातल्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ बसवायची परवानगी मिळाली. त्याआधी हा सारा कारभार हातवाऱ्यांवर चालत असे.

मधला माणूस

पहिला दाखला १९५६ सालचा, न्यूयॉर्क जायंट्स संघाचा. बचावाची सूत्रं होती टॉम लँड्री यांच्याकडे. हेच लँड्री पुढे डॅलस काउबॉइजचे एकोणतीस वर्षं मुख्य प्रशिक्षक होते. संघात सॅम हफ नावाचा एक नवखा आला. वेस्ट व्हर्जिनियाच्या महाविद्यालयीन संघात तो पुढच्या फळीत खेळे. व्यावसायिक संघात पुढच्या फळीला तो लहान पडत होता आणि त्याला नेमकं कुठे ठेवावं हे कोणाला उमजत नव्हतं. वैतागून तो सराव शिबिर सोडून घरी निघालाही होता. आक्रमणाचे प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डी यांनी त्याला परत आणलं.

लँड्री यांनी त्याला पुढच्या फळीतून उचलून मागे, बरोबर मध्यभागी उभं केलं. चार लाइनमन, त्यांच्यामागे तीन लाइनबॅकर आणि त्यांच्या मधोमध हफ. उभं राहून समोरचं सगळं दिसतं, डावीकडे-उजवीकडे सारखंच धावता येतं, आणि हफला नेमकं हेच जमत होतं. त्या वर्षी जायंट्सनी शिकागो बेअर्सचा ४७-७ असा फडशा पाडून अजिंक्यपद मिळवलं. तीन वर्षांनी हफ ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. १९६० मध्ये सीबीएस वाहिनीनं त्याच्या गणवेशात मायक्रोफोन बसवून त्याच्यावर माहितीपट केला. बचावातला खेळाडू घराघरांत पोचावा, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

पण चित्राचा दुसरा भाग पाहा. हफ मोकळा धावू शकत होता, कारण पुढचे चौघं, रोबस्टेली, ग्रियर, मॉझेलेव्स्की आणि कॅटकॅव्हेज, समोरच्या दांडग्यांना अंगावर घेऊन त्याच्यापर्यंत पोचू देत नव्हते. त्या चौघांना चेंडूमागे सैरावैरा धावायची मुभा नव्हती. ठरलेली जागा धरायची, धडक सोसायची आणि पकडीचं श्रेय मागच्या माणसाला जाऊ द्यायचं. लँड्री यांची रचना हफच्या बळावर उभी होती हे खरं. ती टिकली मात्र या चौघांच्या शिस्तीवर.

तिरका उभा राहिलेला ग्रीन

दुसरा दाखला याहून बोलका आहे, कारण इथे किंमत भरणारा माणूस संघातला सर्वांत मोठा खेळाडू होता.

१९७४ साली पिट्सबर्ग स्टीलर्सच्या बचावाचे प्रमुख होते बड कार्सन. पुढच्या फळीत जो ग्रीन नावाचा लाइनमन होता, त्या काळातला सर्वांत धाकाचा. त्याच वर्षी ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत जॅक लॅम्बर्ट संघात आला. सहा फूट चार इंच उंच, पण अंगानं किडकिडीत. मधल्या लाइनबॅकरला लागणारा जाडजूडपणा त्याच्यात नव्हता. समोरचा अवजड लाइनमन थेट त्याच्यावर आदळला असता तर त्याचा निभाव लागणं अवघड होतं. पण त्याच्या पायांत वेग होता, आणि चेंडू कुठे जाणार याचा वास त्याला आधी लागे.

ग्रीन, लाइनचे प्रशिक्षक जॉर्ज पर्ल्स आणि कार्सन यांच्या विचारांतून एक वेगळी मांडणी पुढे आली. ग्रीन समोरच्या माणसापुढे सरळ उभा राहण्याऐवजी मधल्या दोघांच्या फटीत, तिरका उभा राहू लागला. तो तिथून घुसला की त्याला रोखायला दोघं लागत. दोघं त्याच्यात गुंतले की लॅम्बर्टच्या वाटेवर कोणी उरत नसे. किडकिडीत लॅम्बर्टचं वजन आता आडवं येईना, उरला तो त्याचा वेग. त्या मोसमाच्या शेवटी ओकलंड रेडर्ससारख्या तगड्या संघाला स्टीलर्सविरुद्ध पळून केवळ २९ यार्ड मिळाले, आणि पुढे सुपर बोलमध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जला अवघे १७. लॅम्बर्ट त्या वर्षीचा बचावातला सर्वोत्तम नवोदित ठरला.

याच संघात मेल ब्लाउंट नावाचा कॉर्नरबॅक होता. उंच, दणकट; समोरच्या रिसीव्हरला तो सुरुवातीपासून हातांनी रेटत, अडवत नेई. कार्सन यांनी त्याला लांबवर एकट्यानं धावायला लावण्यापेक्षा मागे सेफ्टीचा आधार दिला आणि पुढे रेटारेटीची पूर्ण मोकळीक दिली. हा प्रकार इतका परिणामकारक ठरला की १९७८ साली लीगनं नियमच बदलला: रिसीव्हरला पाच यार्डांपलीकडे हात लावायचा नाही. लोक अजून त्याला ‘मेल ब्लाउंट नियम’ म्हणतात. एका माणसाच्या बळाभोवती रचना बांधण्यात हाही धोका असतोच. उद्या ते बळच नियमबाह्य ठरू शकतं. ब्लाउंट त्यानंतरही वर्षानुवर्षं उत्तम खेळत राहिला, ही त्याची थोरवी.

शिकागोचा प्रयोग

या विषयावर बोलताना १९८५च्या शिकागो बेअर्सना टाळून पुढे जाताच येत नाही. त्यांचे कोऑर्डिनेटर बडी रायन. खेळाडूंना नावाऐवजी पाठीवरच्या आकड्यानं हाक मारणारा, जिभेचा फटकळ, पण खेळाडूंच्या गळ्यातला ताईत. १९८१ साली मुख्य प्रशिक्षक बदलणार असं दिसताच बचावातल्या खेळाडूंनी संघाचे वयोवृद्ध मालक जॉर्ज हॅलस यांना पत्र लिहिलं: रायन यांना जाऊ देऊ नका. हॅलस यांनी ऐकलं. नवे मुख्य प्रशिक्षक माइक डिटका आले, पण बचाव रायन यांच्याकडेच राहिला.

रायन यांच्या मांडणीला ‘फॉर्टी-सिक्स’ म्हणतात. डग प्लँक या सेफ्टीच्या पाठीवर ४६ आकडा होता आणि मांडणीची मूळ कल्पना त्याला पुढे, लाइनबॅकरांच्या रांगेत आणून खेळवण्यात होती. गंमत अशी की ही मांडणी जगभर गाजली तेव्हा प्लँक संघात नव्हताही. आक्रमणाच्या मधल्या तिन्ही माणसांसमोर रायन प्रत्येकी एक लाइनमन उभा करीत, त्यामुळे तिघांपैकी कोणालाच दुसऱ्याच्या मदतीला जाता येत नसे. डॅन हॅम्प्टन मधल्यासमोर, शेजारी स्टीव्ह मॅकमायकल. ओटिस विल्सन आणि विल्बर मार्शल हे दोन वेगवान लाइनबॅकर एकाच बाजूला, दुसऱ्या टोकाला रिचर्ड डेंट, आणि मध्यभागी साऱ्या मांडणीचा मेंदू माइक सिंगलटरी. एकूण आठ माणसं चेंडूजवळ.

किंमत कोण भरत होतं? मागे एकटे उरलेले कॉर्नरबॅक. त्यांना जवळजवळ कोणाचाही आधार नव्हता. पुढच्यांनी क्वार्टरबॅकला विचार करायला वेळच दिला नाही, तरच त्यांचं निभणार होतं. त्या वर्षी बहुतेक वेळा ते निभलं. पंधरा विजय, एक पराभव. मग बाद फेरीत न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध २१-०, लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध २४-० आणि सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्ध ४६-१०. पेट्रियट्सना पळून मिळाले एकंदर सात यार्ड. सामना संपल्यावर खेळाडूंनी डिटका यांच्याबरोबरच रायन यांनाही खांद्यावर घेतलं. सहायक प्रशिक्षकाच्या वाट्याला हे क्वचितच येतं.

मला मात्र त्या एका पराभवात अधिक रस आहे. २ डिसेंबर १९८५, मायामी. समोर डॅन मरिनो, चेंडू हातातून सर्वांत लवकर सोडणारा क्वार्टरबॅक. मायामीनं जास्तीचे रिसीव्हर मैदानावर पसरवले आणि नॅट मूर या चपळ रिसीव्हरला अशा जागी उभं केलं की त्याच्यामागे वेगवान कॉर्नरबॅकऐवजी दुसऱ्याच कामाचा माणूस धावावा. अशा वेळी एक लाइनबॅकर कमी करून जास्तीचा कॉर्नरबॅक आणावा, असा डिटका यांचा आग्रह होता. रायन यांना तो मान्य नव्हता. मध्यंतराला गुणफलक ३१-१० आणि ड्रेसिंगरूममध्ये दोघांची जुंपलेली. सामना ३८-२४ असा गेला. ज्या बळानं सलग बारा सामने जिंकून दिले, त्याच बळाच्या मोहात प्रशिक्षक तेराव्याला अडकला. मरिनोपुढे कॉर्नरबॅक भरत असलेली किंमत त्यांच्या ऐपतीबाहेर गेली होती, आणि रायन यांनी हिशेब नव्यानं मांडला नाही.

त्यानंतर जे घडलं, ते कोणी मुद्दाम प्रयोग म्हणून रचावं असं आहे. १९८६ मध्ये रायन फिलाडेल्फिया ईगल्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. शिकागोत त्यांच्या जागी आले व्हिन्स टोबिन, शांत स्वभावाचे, जुगारी ब्लिट्झ कमी करणारे. माणसं तीच, रचना वेगळी. १९८५ मध्ये शिकागोविरुद्ध मोसमात १९८ गुण झाले होते. १९८६ मध्ये झाले १८७, सोळा सामन्यांच्या मोसमातला तेव्हाचा नीचांक. तिकडे फिलाडेल्फियात रचना तीच, माणसं वेगळी. पहिल्या वर्षी पाच विजय, दहा पराभव, एक बरोबरी. सगळा दोष बचावाच्या पदरात टाकणं अन्यायाचं होईल, कारण त्या मोसमात ईगल्सचे क्वार्टरबॅक १०४ वेळा पाडले गेले होते. तरीही रेजी व्हाइटसारखा महारथी असूनसुद्धा क्लाइड सिमन्स, सेथ जॉयनर, जेरोम ब्राऊन ही माणसं जमून तयार होईपर्यंत दोन वर्षं गेली, आणि १९८८ मध्ये ईगल्सनी आपला विभाग जिंकला.

यावरून रचना फुकाची आणि माणसंच सर्वस्व, असा निष्कर्ष कोणी काढेल. मला तो पटत नाही. टोबिन यांना मिळालेली बहुतेक माणसं रायन यांच्या तालमीत तयार झाली होती. दुसऱ्याचं काम आपलं समजून करायची सवय त्यांना लागली होती. वारसा रचनेचा नव्हता, त्या सवयीचा होता.

अहंकाराची किंमत

काही वेळा किंमत कष्टांची नसते, मानाची असते. जानेवारी १९९१, सुपर बोल. न्यूयॉर्क जायंट्सचे कोऑर्डिनेटर बिल बेलिचिक. समोर बफेलो बिल्स, ज्यांनी आधीच्या सामन्यात ५१ गुण केले होते. जिम केली याच्या वेगवान फेकींनी समोरच्या बचावाला श्वास घेऊ द्यायचा नाही, ही त्यांची रीत. जायंट्सच्या बचावाचा अभिमान एकच: आमच्यासमोर कोणी पळून दाखवावं. लॉरेन्स टेलर, पेपर जॉन्सन, कार्ल बँक्स ही त्या अभिमानाची माणसं.

बेलिचिक यांनी त्यांना सांगितलं की बफेलोच्या थर्मन थॉमस यानं शंभर यार्ड पळून काढले तर आपण जिंकू. खेळाडूंना हे रुचलं नाही. पण हिशेब पक्का होता. पुढच्या फळीत माणसं कमी ठेवायची, मागे वाढवायची, फेकी तोकड्या करायला लावायच्या आणि चेंडू झेलणाऱ्याला प्रत्येक वेळी सणसणीत आडवं पाडायचं. पळण्यातून मिळणारे यार्ड हळूहळू मिळतात, तेवढा वेळ घड्याळातून गळतो. थॉमस १३५ यार्ड धावला. जायंट्सच्या आक्रमणानंही चेंडू चाळीस मिनिटांहून अधिक काळ स्वतःकडे ठेवून आपला वाटा उचलला. शेवटच्या क्षणी बफेलोच्या स्कॉट नॉरवुडची ४७ यार्डांवरची किक गोलखांबांच्या उजवीकडून बाहेर गेली आणि जायंट्स २०-१९ असे जिंकले. तो डाव लिहिलेली वही आज ओहायोतल्या कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये ठेवलेली आहे. किक आत गेली असती तर तिला कोणी विचारलं नसतं हेही खरं. पण आपल्या खेळाडूंना ज्याचा सर्वाधिक गर्व आहे, तेच एका दिवसापुरतं बाजूला ठेवायला लावणं, ही या धंद्यातली सर्वांत अवघड मागणी असते.

मोकळीक कोणाला, किती

पिट्सबर्गलाच २००४ पासून डिक लबो कोऑर्डिनेटर होते, स्वतः डेट्रॉइटसाठी चौदा मोसम कॉर्नरबॅक म्हणून खेळलेले. त्यांच्याकडे ट्रॉय पोलामालू हा सेफ्टी होता. तो ठरलेल्या जागी क्वचितच सापडे. एकदा टेनेसीविरुद्ध तर चेंडू सुटायच्या क्षणी पुढच्या फळीवरून उडी मारून तो थेट क्वार्टरबॅकवर जाऊन पडला. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर प्रशिक्षकानं त्याला बाकावर बसवलं असतं. लबो यांनी मुभा दिली, कारण पोलामालूचा अंदाज बहुधा अभ्यासातून आलेला असे. आणि तो चुकला तर मागची जागा सांभाळायला दुसरा सेफ्टी रायन क्लार्क होता. पोलामालूचे पराक्रम आठवणाऱ्यांपैकी किती जणांना क्लार्क आठवतो, ते विचारून पाहा.

त्याच संघातला जेम्स हॅरिसन ड्राफ्टमध्ये कोणी घेतलाच नव्हता. संघांनी त्याला वारंवार काढून टाकलं होतं. २००९च्या सुपर बोलमध्ये मध्यंतराला काही सेकंद उरले असताना ॲरिझोना कार्डिनल्स गोल-रेषेच्या तोंडाशी होते. हॅरिसननं क्वार्टरबॅकवर धावून जायचं, असा डाव होता. त्यानं धावून जाण्याचं सोंग केलं, मागे सरला, फेक मध्येच झेलली आणि शंभर यार्ड पळत थेट समोरची गोल-रेषा ओलांडली, म्हणजे टचडाउन केला. वर्षानुवर्षं लबो यांच्या हाताखाली पुढच्यानं मागे सरण्याचा आणि मागच्यानं पुढे येण्याचा सराव झाल्यामुळे आपण हललो तर मागे काय उरतं, हे त्याला ठाऊक होतं. एरवी असा उत्स्फूर्तपणा अंगाशी येतो.

सिएटलमध्ये मुख्य प्रशिक्षक पीट कॅरल आणि त्यांच्या कोऑर्डिनेटरांनी इतरांनी पाचव्या फेरीपर्यंत शिल्लक ठेवलेले उंच, लांब हातांचे खेळाडू उचलले: रिचर्ड शर्मन, कॅम चॅन्सलर. शर्मन महाविद्यालयात आधी रिसीव्हर होता. ती उंची मुक्तपणे वापरता आली ती अर्ल थॉमसमुळे. तो एकटा खोलवर उभा राहून जवळपास सगळं मागचं मैदान राखी. त्यांनी २०१४च्या सुपर बोलमध्ये डेन्व्हरला ४३-८ असं हरवलं. त्याच मोसमात डेन्व्हरनं ६०६ गुणांचा विक्रम केला होता.

जिथे हिशेब चुकला

अपयशाचे दाखलेही तितकेच शिकवतात. नामदी असोमुघा हा ओकलंडचा कॉर्नरबॅक. समोरच्या रिसीव्हरला अगदी अंगाशी भिडून, एका बाजूला, एकट्यानं सांभाळण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. २०११ मध्ये फिलाडेल्फियानं त्याच्याशी पाच वर्षांचा, सहा कोटी डॉलरचा करार केला. त्याच वर्षी तिथे कोऑर्डिनेटर म्हणून नेमले गेले हुआन कास्टिलो, जे त्याआधी कित्येक वर्षं आक्रमणाच्या लाइनचे प्रशिक्षक होते. असोमुघाला कधी इथे, कधी तिथे, कधी माणसाऐवजी मैदानाचा तुकडा राखायला लावलं. जे जमतं ते राहिलं बाजूला, आणि जे सामान्य खेळाडूही करतो ते काम गळ्यात पडलं. संघ ८-८ वर अडकला. पुढच्या ऑक्टोबरमध्ये कास्टिलो गेले, २०१३ मध्ये असोमुघाही.

उलट टोकाला अल्बर्ट हेन्सवर्थ. २००९ मध्ये वॉशिंग्टननं त्याच्याशी सात वर्षांचा, दहा कोटी डॉलरचा करार केला. वर्षभरात प्रशिक्षक बदलले, मांडणी बदलली, आणि त्याला मध्यभागी उभं राहून दोघांना अंगावर घ्यायचं काम आलं. पकडी मागचे करणार. जो ग्रीननं जे आपण होऊन पत्करलं, ते हेन्सवर्थनं नाकारलं. मोसमाच्या अखेरीस संघानंच त्याला चार सामन्यांसाठी निलंबित केलं. इथे दोष दोघांचा वाटतो. घुसखोरीसाठी मोजलेल्या पैशात भिंत विकत घेतली असं समजणं ही संघाची चूक. आणि आपलं बळ इतरांच्या कामी यायलाच नको, हा खेळाडूचा हेका.

ताजा दाखला

शेवटचा दाखला ९ फेब्रुवारी २०२५चा. फिलाडेल्फियाचे कोऑर्डिनेटर व्हिक फँजिओ. झॅक बॉन हा खेळाडू न्यू ऑर्लिन्समध्ये चार वर्षं बहुतेक किकच्या प्रसंगीच मैदानावर येई. फँजिओ यांच्याकडे आला तोही एका वर्षाच्या करारावर, कडेला खेळणारा म्हणून. त्यांनी त्याला आत, मध्यभागी आणलं. सॅम हफच्या गोष्टीला सत्तर वर्षं होत आली, तरी युक्ती तीच. त्या मोसमात बॉन लीगच्या सर्वोत्तम अकरांत निवडला गेला आणि ईगल्सच्या बचावानं साऱ्या लीगमध्ये सर्वांत कमी यार्ड दिले.

सुपर बोलमध्ये समोर कॅन्सस सिटीचा पॅट्रिक महोम्स. ब्लिट्झवर तुटून पडणारा क्वार्टरबॅक. फँजिओ यांनी संपूर्ण सामन्यात एकदाही ब्लिट्झ केला नाही. फक्त पुढचे चौघं धावून गेले, बाकी सात जण मागे राहिले. महोम्स सहा वेळा पाडला गेला. मध्यंतराला २४-०, शेवटी ४०-२२. मागच्या फळीतल्या कूपर डीजीननं आपल्या बाविसाव्या वाढदिवशी महोम्सची फेक झेलून टचडाउन केला. पुढच्या फळीतला सर्वांत नावाजलेला माणूस जेलन कार्टर. सहा वेळा क्वार्टरबॅक पडला, पण त्यात कार्टरच्या नावावर एकदाही नाही. समोरचे दोघं-दोघं त्याच्यात गुंतले, म्हणून जॉश स्वेट आणि मिल्टन विल्यम्स मोकळे सुटले. आकड्यांच्या तक्त्यात कार्टर जवळपास दिसत नाही. फँजिओ यांच्या हिशेबात तो पहिल्या ओळीत होता.

श्रोतेहो, इतके दाखले देऊन मला एवढंच म्हणायचं आहे की ‘प्रत्येकाला त्याच्या आवडीचं, त्याला जमेल ते काम’ हे वाक्य अर्धं आहे. अकरांपैकी अकरांना ते देता येत नाही. कोणी तरी फटीत तिरका उभा राहतो, कोणी एकटा मागे थांबतो, कोणी आपला अभिमान एका दिवसापुरता खुंटीला टांगतो. प्रशिक्षकाचं मोठेपण त्या माणसाची निवड करण्यात आहे, आणि त्याहून जास्त, त्याला आपण वापरले गेलो असं वाटू न देण्यात.

इथे बसलेल्या क्रीडाशिक्षकांना, क्लबांच्या प्रशिक्षकांना आणि संघांच्या कप्तानांना म्हणून एक विनंती. पुढचा संघ बांधताना आपला सर्वोत्तम खेळाडू कोण, हा प्रश्न जरूर विचारा. पण त्याच कागदावर शेजारी लिहा की त्याला मोकळं सोडण्यासाठी कोण खपणार आहे. जमलं तर बक्षीस समारंभात ते दुसरं नाव आधी पुकारा.